शब्दांच्या शेपट्या

बाबा बोटीवर होते. आमच्याकडे मालवाहू जहाजालाही बोटच म्हणतात. वर्षातले नऊ-दहा महिने ते कुठल्या ना कुठल्या समुद्रात असत, आणि आई न् मी मिरकरवाड्याच्या बंदराच्या वरच्या अंगाला, चढणीवरच्या दोन खोल्यांत. बाबांची पत्रं मराठीत यायची. ती आई स्वतःच वाचायची, चुलीपाशी पाट घेऊन, माझ्याकडे पाठ करून. वाचून झालं की मला त्यातलं जेवढं सांगण्यासारखं असेल तेवढं सांगायची.

कंपनीची पत्रं मात्र इंग्रजीत टाइप केलेली असत. ती आली की आई पदर सारखा करून वरच्या घरी जायची. तिथले भाऊ कचेरीत कारकून होते. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना मोठ्यानं वाचायची हौस होती. पडवीत झोपाळ्यावर बसून, चष्मा लावून, ते आधी सगळं पत्र इंग्रजीत वाचत आणि मग मराठीत सांगत. तोवर आजूबाजूची दोन-चार माणसं जमलेली असायची.

मी आठवीत होते तेव्हाची गोष्ट. गणपतीला महिना राहिला होता आणि बाबा गणपतीला येणार म्हणून आईनं मोदकांचं पीठसुद्धा काढून ठेवलं होतं. कंपनीचं पत्र आलं. भाऊंनी ते वाचलं आणि चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "वहिनी, ह्या गणपतीला काय ते येत नाहीत. एक्स्टेन्शन मिळालंय त्यांना. अजून पाच महिने."

पडवीच्या पायरीवर एक कोळीण पाटी उतरवून बसली होती. ती म्हणाली, "अगो बाय गो, बिचारी."

आई हसली. "असूदे. कामच तसं त्यांचं," म्हणाली आणि पत्र घेऊन खाली आली. घरात आल्यावर तिनं पत्र माझ्यापुढे धरलं.

"ह्यातला एक्स्टेन्शन कुठला तो दाखव."

मी दाखवला. तिनं त्यावर बोट ठेवलं.

"ह्याचा अर्थ तुला येतो?"

मला येत नव्हता. आईनं पत्राची घडी केली. मग म्हणाली, "मला ही गोष्ट चार माणसांत कळायला नको होती गो. आधी माझी मला कळायला हवी होती."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला ती फाटकापाशी उभी होती. मला वाटलं, काहीतरी झालं. पण ती मला न्यायला आली नव्हती. तिला आमच्या इंग्रजीच्या बाईंना भेटायचं होतं.

बाई कोल्हापूरकडच्या. लग्न झालेलं नव्हतं, माळनाक्याला एक खोली घेऊन एकट्याच राहत. त्यांचं बोलणं आमच्यापेक्षा वेगळं, प्रत्येक वाक्याला "की" लावून. "बसा की", "लिहा की." मुली मागे त्यांची नक्कल करायच्या, मीही केली होती. त्यामुळे आई त्यांच्याशी बोलायला लागली तेव्हा मी दप्तर पोटाशी धरून जरा लांबच उभी राहिले.

"मी सातवीपर्यंत शिकलेय," आई म्हणाली. "तीन वर्षं इंग्रजी होतं. अक्षरं लागतात, अर्थ लागत नाही. मला फक्त पत्रं वाचता यायला हवीत. कुठून सुरुवात करू?"

बाईंनी पत्र वाचलं. आई मुद्दाम ते बरोबर घेऊन आली होती. बाई म्हणाल्या, "शेवटापासून करा."

आईला वाटलं, बाई थट्टा करतायत. पण त्यांनी फाटकाच्या कठड्यावर वही ठेवून एक्स्टेन्शन हा शब्द लिहिला आणि मधोमध एक रेघ मारली. "लांबलचक शब्द दिसला की घाबरायचं नाही. त्याचं टोक बघायचं. टोक ओळखलं की अर्धा शब्द आपला झाला. हे बघा, एक्स्टेंड म्हणजे लांबवणं. त्याला शेवटी शन लागलं, थोडी अक्षरं इकडची तिकडं झाली, आणि त्या लांबवण्याचं नाव तयार झालं."

"म्हणजे लांबण," आई म्हणाली. "आपण म्हणतो ना, लांबण लावू नको."

बाई आईकडे बघतच राहिल्या. "अगदी तेच की! तुम्ही रविवारी सकाळी येत जावा माझ्याकडं. बाकीचे दिवस पोरीच्या वहीतनं शिका. आमचं आठवीला हेच चाललंय."

त्या टोकांना व्याकरणाच्या पुस्तकात प्रत्यय म्हणत. आई त्यांना शेपट्या म्हणायची.

मग आमचं रोजचं सुरू झालं. दिवेलागण झाली, देवापाशी निरांजन लावून झालं, की आई भात चुलीवर चढवायची आणि माझी जुनी पाटी मांडीवर घ्यायची. मी वहीतला एक शब्द सांगायचे. ती तो पाटीवर लिहायची आणि शेपटी कुठून सुरू होते तिथं पेन्सिलीनं काप द्यायची. काप बरोबर बसला की मान हलवायची, चुकला तर ओल्या हातानंच पाटी पुसायची. भाताला उकळी येऊन झाकण थडथडायला लागलं तरी तिचं लक्ष नसायचं. कितीदा भात खाली लागला. तो करपट भात आम्ही दोघी हसत खायचो.

नेस म्हणजे आपला पणा, हे तिला लगेच पटलं. चांगुलपणा, वेडेपणा, एकटेपणा. फुल म्हणजे भरलेलं, लेस म्हणजे नसलेलं. मेंट, शन, एबल, एकेक शेपटी तिनं कोळणीनं मासा निवडावा तशी उलटीपालटी करून बघितली. तिचे प्रश्न मात्र माझ्या पुस्तकात नसायचे.

एकदा अर चा धडा चालला होता. काम करणाऱ्याला ती शेपटी लागते. टीच, टीचर. सिंग, सिंगर. आई म्हणाली, "मग कुक म्हणजे रांधणं. मी रांधते. मी कुकर."

मी हसून लोळायला लागले. "आई, कुकर म्हणजे भांडं! भाऊंकडे आहे ना, शिट्टीवालं."

"आणि रांधणाऱ्या बाईला काय म्हणतात?"

"नुसतं कुक."

"वा रे वा. भांड्याला शेपूट आणि बाईला नाही!" ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. एवढं हसताना मी तिला क्वचितच बघितलं होतं.

त्याच आठवड्यातल्या रविवारी आम्ही बाईंकडे गेलो. आईनं आपण होऊन तयार केलेले शब्द बाईंना दाखवले. त्यात एक होता वेटर. समोर तिनं अर्थ लिहिला होता, वाट बघणारी.

बाई हसल्या नाहीत. "शब्द बरोबर केलाय तुम्ही. पण वेटर म्हणजे हॉटेलात चहा आणून देतो तो."

"मग वाट बघणाऱ्या माणसाला काय म्हणतात इंग्रजीत?"

बाईंनी थोडा विचार केला. "तसा एकच शब्द मला तरी आठवत नाही," त्या म्हणाल्या. "सगळं वाक्यच लिहावं लागतं."

आईनं वेटर शब्द खोडला नाही. अर्थ तेवढा बदलला.

माझीही फजिती झाली होती, पण ती वर्गात. शिप ही शेपटी होती. फ्रेंडशिप, मेंबरशिप. बाईंनी फळ्यावर हार्डशिप लिहिलं आणि अर्थ विचारला. मी हात वर केला आणि म्हणाले, "खडतर बोट." सगळा वर्ग हसला. मला मात्र खरंच तसं वाटलं होतं. बाबा मागच्या खेपेला आले तेव्हा त्यांच्या तळहातांवर दोरांनी पडलेले घट्टे मी बघितले होते, आणि त्यांची बोट कठीणच असणार अशी माझी खात्री होती. बाईंनी हसणाऱ्या मुलींना गप्प केलं. "ही शेपटी आहे, बोट नव्हे. पण हार्डशिप म्हणजे हालअपेष्टा. तेव्हा तुझं उत्तर फार लांब नाही गेलं." घरी येऊन आईला सांगितलं तर ती हसली नाही. पाटीवर तो शब्द लिहून तिनं तो दोनदा वाचला आणि पुसला.

बाबांना ह्यातलं काही कळवायचं नाही, असं तिनं मला बजावलं होतं. ते येतील तेव्हा त्यांच्यासमोर कंपनीचं पत्र खडाखड वाचून दाखवायचं होतं तिला.

पाच महिने सरत आले. मोहोराचा वास सगळ्या चढणीवर पसरलेला. शनिवार होता, शाळा सकाळची, मी नुकतीच जेवून उठले होते. तारवाला सायकल ढकलत चढण चढताना दिसला. त्या काळी तार म्हटलं की माणसं आधी मनातल्या मनात रडून घ्यायची. शेजारच्या बायका दारात आल्या. भाऊ शनिवारचे अर्ध्या दिवसानं घरी आलेले होते. ते पडवीतून ओरडले, "वहिनी, आणा इकडे, वाचून देतो."

आईनं सही करून तार घेतली. ती वर बघून म्हणाली, "नको भाऊ. मी वाचत्येय."

आम्ही आत आलो. आईनं दार लोटलं आणि तार जमिनीवर पसरली. दोघी तिच्यावर वाकलो. दहाबारा शब्दच होते. पहिला हजबंड. तो तिला येत होता. दुसरा लांब होता. मी वाचणार तेवढ्यात तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला आणि स्वतःच बोट फिरवलं.

"हॉस्पिटल आहे ह्याच्यात."

"हो. हॉस्पिटलाइज्ड."

"शेवटी ईडी. म्हणजे होऊन गेलेलं. हॉस्पिटलात घातलंय त्यांना." तिनं श्वास सोडला. "जिवंत माणसालाच हॉस्पिटलात घालतात."

पुढे होतं, कंडिशन सॅटिस्फॅक्टरी. मला त्यात फॅक्टरी दिसली आणि मी गोंधळले. बोटीवरच्या माणसाचा फॅक्टरीशी काय संबंध? पण आईनं पहिल्या अक्षरांवर बोट दाबलं. सॅटिस्फॅक्शन हा शब्द आम्ही बाईंकडे केला होता. समाधान. म्हणजे प्रकृती समाधानकारक. इथवर तिनं ओढत आणलं. मग तो शब्द आला. रिपॅट्रिएशन. पुढे अंडर अरेंजमेंट.

अरेंजमेंट लागला. मेंट शेपटी, व्यवस्था. पण कसली व्यवस्था? माझ्या छोट्या डिक्शनरीत तो शब्द नव्हता. आईनं एशनच्या आधी काप दिला, पण डाव्या हाताला जे उरलं ते आमच्या कुणाच्याच ओळखीचं नव्हतं.

"ऑपरेशनसारखं दिसतंय," आई हळूच म्हणाली. "हॉस्पिटल आहे, आणि ऑपरेशनसारखीच शेपटी. काहीतरी मोठं ऑपरेशन करतायत."

मी म्हटलं, "भाऊंना विचारूया?"

तिनं नकाराची मान हलवली. तार माझ्या वहीत घातली, वही काखेत धरली आणि आम्ही निघालो. मिरकरवाड्यापासून माळनाका म्हणजे सगळा चढ. भर उन्हात ती इतकी भराभर चालत होती की मला पळावं लागत होतं. वाटेत ओळखीच्या दोघी-तिघींनी हाक मारली, तिनं बघितलंही नाही.

बाई न्हाऊन, केस मोकळे सोडून, उंबऱ्याशी उन्हात बसल्या होत्या. "या की," म्हणेपर्यंत आईनं तार त्यांच्या हातात दिली. बाईंनी एकदा वाचली आणि मान वर केली.

"येणारायत ते."

आईला ते कळलंच नाही. ती म्हणाली, "ऑपरेशन कसलं आहे?"

"ऑपरेशन नाही हो. बसा आधी." बाईंनी तिला हाताला धरून बसवलं, मला आतून पाणी आणायला सांगितलं, आणि ओल्या केसांनी तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या. "री म्हणजे परत. मधला तुकडा जुन्या लॅटिनमधला, त्याचा अर्थ मायदेश. आणि शेवटची शेपटी तुम्हाला येतीया. माणसाला त्याच्या मायदेशी परत पाठवणं. त्याची व्यवस्था चाललीया, असं लिहिलंय."

"पुन्हा सांगा."

बाईंनी पुन्हा सांगितलं. आईनं तिसऱ्यांदाही विचारलं. मग ती त्या उंबऱ्यावर कपाळ टेकून रडली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला मोठ्यानं रडताना ऐकलं. बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि बघते तो त्यांच्याही डोळ्यांत पाणी. "माझ्या बदलीचा अर्ज सहा वर्षं झाली पडून आहे," त्या मध्येच म्हणाल्या. "तिकडं आई एकटीच असते." आईनं रडणं थांबवलं आणि त्यांचा हात धरला. घरी परतायच्या आधी दोघींनी एकाच स्टोव्हवर चहा केला.

तीन आठवड्यांनी बाबा आले. मामानं त्यांना मुंबईत उतरवून घेतलं आणि एसटीनं आणलं. धक्क्याला बोट बांधताना दोर तुटून त्यांच्या पायावर बसला होता. हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. प्लास्टर होतं, कुबडी होती, आणि गालफडं बसलेली. आईनं त्यांच्यावरून भाताचा मुटका ओवाळून टाकला आणि मग दाराआड जाऊन डोळे पुसले.

प्लास्टर निघालं, पाय आखूड राहिला. कंपनीनं मुंबईत तपासणीला बोलावलं, मामाच्या सोबतीनं ते जाऊन आले. महिन्याभरानं त्या तपासणीचा कागद पोस्टानं आला. बाबा बोटीवरचं इंग्रजी धडाधड बोलायचे, पण शाळा त्यांनी चौथीतच सोडलेली, कागद त्यांना वाचता यायचा नाही. आईनं ज्या दिवसाची वाट बघितली होती तो दिवस असा आला. बाबांनी कागद उलटसुलट बघितला आणि भाऊंकडे जायला कुबडी घेतली. आई म्हणाली, "द्या इकडे. मी वाचते."

बाबा थक्क होऊन बघत राहिले. आईनं पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली. मी तिच्या खांद्यावरून बघत होते. तिसऱ्या ओळीत होतं, परमनंटली अनफिट. ली ही शेपटी आम्ही पहिल्याच महिन्यात केली होती. आई तिथं थांबली. खिडकीकडे तोंड करून तिनं कागद उजेडात धरला.

"काय म्हणतायत?" बाबांनी विचारलं. "कायमचं काय?"

"नाय," आई म्हणाली. "आत्तापुरतं म्हणतायत. पाय बरा झाला की बघू."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी बाबांच्या हातातली कुबडी घेऊन भिंतीला टेकवली.

त्यानंतर बाबा रोज सकाळी पाय मोकळा करायला म्हणून खाली बंदरावर जायला लागले. ट्रॉलर लागलेले असत, लिलावाचा गलबला चाललेला असे. बाबा त्यातून वाट काढत धक्क्याच्या टोकापर्यंत जायचे आणि तिथं एका दगडावर बसायचे. सुट्टीच्या दिवशी मीही बरोबर जायचे. मला वाटायचं, आपण ह्यांना सांगायला हवं. इतकी वर्षं मी त्यांची वाट बघितली होती आणि आता ते माझ्या शेजारी बसून दुसऱ्याच कशाची वाट बघत होते.

एका सकाळी मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बाबा, त्या कागदावर आत्तापुरतं असं नव्हतं लिहिलेलं."

ते समुद्राकडेच बघत होते. "ठाऊक आहे मला."

"आईनं सांगितलं?"

"नाय गो. बोटीवर दोनच जातीची माणसं. टेंपररी आणि परमनंट. ते दोन शब्द मला न वाचता ओळखता येतात. तुझी आई वाचायच्या आधीच मी कागद बघितला होता. ती खिडकीकडे वळली आणि तिनं मला आत्तापुरतं म्हणून सांगितलं." ते जरा हसले. "तिच्या तोंडून ते बरं वाटलं ऐकायला. तू तिला सांगू नको."

मी कधीच सांगितलं नाही. पावसाळ्यानंतर बाबा मिरकरवाड्यातच जाळी दुरुस्त करायला बसायला लागले. दोर हाताळायची सवय होती, त्यांचा हात पटकन बसला. बोटीचा विषय आमच्या घरातून कुणी न ठरवता बंद झाला. त्याआधी जूनमध्येच बाईंची बदली झाली होती. आई आणि मी एसटी स्टँडवर त्यांना पोचवायला गेलो. आईनं कोकमाची बरणी दिली. गाडी सुटताना बाई खिडकीतून म्हणाल्या, "अभ्यास सोडू नका की."

आईनं तो सोडला. मुद्दाम नाही. बाबा घरी होते. दिवेलागणीला ते जाळ्यावरून यायचे, त्यांना गरम भात लागायचा, पायाला तेल लागायचं. मी वही घेऊन बसायचे, आणि आई म्हणायची, "थांब जरा, ह्यांचं जेवण होऊंदे." जेवण व्हायचं आणि बाबा बंदरावरच्या गमती सांगायला लागायचे, आणि आई ऐकत बसायची, अगदी तृप्त होऊन. मीही ऐकायचे. मी सुखात होते. पण पुढे कॉलेजला बाहेरगावी असताना, लग्नानंतर परक्या शहरात, घराची आठवण येऊन जीव कासावीस व्हायचा तेव्हा मला आठवायची ती बाबा नसतानाची संध्याकाळ. करपलेल्या भाताचा वास आणि ओल्या हातानं पाटी पुसणारी आई. ह्याची मला लाज वाटायची. आपल्याला बाप घरी नको होता की काय, असं मी स्वतःला विचारायचे.

बाबा गेले, त्यानंतर काही वर्षांनी आई माझ्याकडे राहायला आली होती. एका दुपारी तांदूळ निवडता निवडता मी धीर करून विचारलं, "आई, आपण दोघी शब्द करत बसायचो ते दिवस तुला आठवतात?"

"न आठवायला काय झालं?" ती म्हणाली. तिनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "रोज निरांजन लावताना देवाकडे एकच मागत होते मी. हे दिवस लवकर संपव म्हणून."

मी तांदूळ निवडत राहिले. मला ते दिवस परत हवे आहेत, हे मी तिला सांगू शकले नाही.